राखाडी मान

१४ एप्रिल

दादा,

डाव्या हाताने अण्णांच्या डोक्यावर ओला टॉवेल दाबून धरलाय आणि उजव्या हाताने लिहितेय, त्यामुळे अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. रक्त थांबत आलंय. जखम खोल नाही, पण टाळूवरची, म्हणून वाहिली फार. मागचं दार लावलंय. खिडक्या लावल्यात. बाहेर ते अजून ओरडतायत. पत्र्यावर बसून चोचीने पत्रा ठोकतायत.

अण्णा तारेवरचा शर्ट काढायला मागे गेले होते. इतकंच. पहिला कावळा पाठीमागून आला. मी दारात होते, मला तो दिसला, पण तोंडातून शब्द निघेपर्यंत मारून झालं होतं. मग सगळेच आले. मी झाडू फिरवत अण्णांना आत ओढलं. माझ्या अंगाला एकानेही चोच लावली नाही. झाडू मी मारत होते आणि डोकं फुटलं त्यांचं.

कारण सांगते. मी लाँड्रीत असताना एक दिवस अण्णा स्टुलावर चढले आणि मागच्या दारावरची पन्हळ साफ करायला लागले. तुला माहीत आहे, जन्मभर लोकांची छपरं घातली, आता नुसतं छप्पर दिसलं तरी हात शिवशिवतात. पन्हळीच्या कोपऱ्यात घरटं होतं. आमच्याच लाँड्रीच्या हँगरच्या तारा वाकवून केलेलं. अण्णांनी ते उचलून भिंतीवर ठेवलं, अगदी जपून, असं शेजारच्या शिवणवाल्या काकू सांगतात. एक पिल्लू खाली पडलं. ते त्यांनी ओंजळीत घेतलं. ओंजळीतच गेलं. तेव्हापासून अण्णांनी दाराबाहेर पाय टाकला की कावळे जमतात.

काकू म्हणतात, "तुझ्या अण्णांचा फोटो काढून आपसांत वाटलाय त्यांनी." मला हसू आलं नाही.

तू इतकी वर्षं मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरतोयस. जिवंतांचं काही कळत असेल तर लगेच लिही. फोन करू नकोस. लाँड्रीतला फोन सुपरवायझरबाईंच्या टेबलावर आहे आणि त्या माझं बोलणं माझ्या आधी ऐकतात.

चोच चार बोटं खाली लागली असती तर डोळा होता, दादा.

ठकू


१७ एप्रिल

प्रिय ठकू,

आधी हे सांग: मान कशी आहे?

हसू नकोस. तू नुसतं 'कावळे' लिहिलंस. कावळा म्हणजे एक पक्षी नाही. तुझं पत्र आलं तेव्हा मी संग्रहालयाच्या मागच्या खोलीत होतो. दोन ड्रॉवर ओढले आणि दोघांना टेबलावर शेजारी शेजारी उताणं ठेवलं. पायाला चिठ्ठ्या, डोळ्यांच्या जागी कापूस. आता त्यांच्याकडे बघतच लिहितोय.

डावीकडचा गावकावळा. अंगाने बारीक. तोंड काळं, कपाळ काळं, पण मान, मागचं डोकं आणि छाती राखाडी. शेगडीतली राख गार झाल्यावर दिसते तशी. चोच सडपातळ. हा माणसं सोडून राहत नाही. जंगलात नेऊन सोडलास तर एखादी चहाची टपरी शोधून काढेल. राहतो घोळक्याने, ओरडतो घोळक्याने, वैर धरतो तेही घोळक्याने.

उजवीकडचा डोमकावळा. नखापासून शेपटीपर्यंत काळा, कुठेही राखाडीचा ठिपका नाही. उजेडात धरला की पाठीवर जरासा निळा दिसतो. अंगाने मोठा. चोच जाड, वरून बाक असलेली, पत्रा कापायच्या कात्रीसारखी. आवाज खोल आणि घोगरा, घशात काहीतरी अडकल्यासारखा. हा जोडीने फिरतो आणि बराच वेळ गप्प बसू शकतो. गावकावळ्याला गप्प बसणं जमत नाही. शेळी, कुत्रं, काहीही मेलं की डोमकावळ्याला आधी कळतं.

शाळेची मुलं येतात तेव्हा मी त्यांना एकच वाक्य देतो: गावकावळा जिवंतावर ओरडतो, डोमकावळा मेलेल्यावर उतरतो. बाकीचं ती दारापर्यंत विसरतात. हे लक्षात राहतं.

चेहरा ओळखतात हे खरं आहे. कपडे नाही, चाल नाही, चेहरा. पिल्लांनाही दाखवून ठेवतात. मला इथले कावळे ओळखतात, कारण आवारात मेलेला कावळा उचलून नेताना त्यांनी मला बघितलंय. इथे कोणी माझी वाट बघत असेल तर तेच.

मान बघून लिही. जखमेवर आयोडीन लाव. दोन-तीन दिवस अण्णांना घरात ठेव.

दादा


२० एप्रिल

दादा,

मान राखाडी आहे. सगळ्यांची. तुझा डावीकडचा.

पण दोघे वेगळे आहेत. तुझं पत्र वाचल्यावर मुद्दाम बघितलं, आणि बघितलं नसतं तर बरं झालं असतं. आमच्या मागे जुनी गिरणी आहे ना, बंद पडलेली. तिच्या छपराच्या आढ्यावर दोन बसलेले असतात. पूर्ण काळे. ओरडत नाहीत. राखाडी मानेचे अण्णांवर तुटून पडतात तेव्हा हे दोघे हलतही नाहीत. नुसते खाली बघतात. एक दुसऱ्याच्या किंचित पुढे. तुझं वाक्य मला पाठ झालंय आणि ते दोघे तिथून उठत नाहीत. ते कशाची वाट बघतायत, दादा?

मी आता कामावर जाताना पुढच्या दाराला बाहेरून कडी-कुलूप घालते. काकूंकडे एक किल्ली असते. त्या मशीनवर बसल्या की खिडकीतून त्यांना आमचं मागचं दार आणि अंगण दिसतं. खरं तर कडीची गरज पडत नाही. अण्णा मागचं दार उघडतात, एक पाय पायरीवर ठेवतात, कावळे उठतात, अण्णा पाय आत घेतात. मग खुर्चीत बसून राहतात. एकदा मला म्हणाले, "हे जेलर आपले की सरकारी?" मी म्हटलं, आपले. म्हणाले, "मग जेवायला घाल त्यांना."

हसतात अजून, तसे. पण कधी कधी बोलता बोलता गिरणीच्या छपराकडे बोट करतात. करवतीच्या दातांसारखं छप्पर आहे ते, तू लहानपणी मोजायचास. म्हणतात, "ते मी घातलंय. दोन दातांमध्ये पन्हळ आहे. तुंबली असणार. कोणी बघत नाही." रोज म्हणतात. मी रोज म्हणते, हो अण्णा.

तू येऊ शकशील का? दोन दिवस आलास तरी चालेल.

ठकू


२४ एप्रिल

प्रिय ठकू,

त्या दोघांना घाबरू नकोस. ते अण्णांकडे बघत नाहीत.

डोमकावळे घरटी लुटतात. अंडी, पिल्लं, जे सापडेल ते. गावकावळे जागेवर असले की त्यांचं काही चालत नाही, कारण घोळका मिळून त्यांना पिटाळतो. पण सगळा घोळका अण्णांवर ओरडायला गेला की घरटी उघडी पडतात. ते दोघे त्याची वाट बघतात. तुझ्या अंगणात चाललंय ते असं आहे: एकाला अण्णांचा राग आलाय आणि दुसरा त्या रागावर पोट भरतोय. अण्णा मधे सापडलेत, इतकंच.

यावर उपाय आहे आणि तो मी पार्सलने पाठवतोय. मुखवटा. कागदाच्या लगद्याचा, मीच केलेला. आवारात मेलेला पक्षी उचलायचा असला की हल्ली मी तो घालतो, म्हणजे कावळ्यांनी राग धरला तरी तो मुखवट्यावर धरावा. इथल्या कावळ्यांना आता तो ओळखू येतो. तुझ्याकडच्यांनी कधी पाहिलेला नाही. त्यांच्या लेखी तो परका माणूस, आणि परक्याशी त्यांचं भांडण नाही.

मुद्दाम कोणासारखा केलेला नाही. कपाळ, नाक, ओठांची एक रेघ. कातडीच्या रंगाचा. तुझी वहिनी म्हणते, मूळ चेहऱ्यापेक्षा हा बरा आहे, हाच घालून झोपत जा.

अण्णांना सांग, कामावरची टोपी आहे. ते घालतील.

इथे साठ्याच्या खोलीत वाळवी निघाली आहे. सगळे ड्रॉवर रिकामे करून औषध मारायचंय. ते झालं की बघतो.

दादा


२ मे

दादा,

मुखवट्याने काम केलं. हे आधी लिहिते म्हणजे तुला बरं वाटेल.

पहिल्या दिवशी अण्णा अंगणात गेले, मी झाडू घेऊन मागे. राखाडी मानेचे तारेवर बसले होते. त्यांनी मान वाकडी करून बघितलं आणि परत आपले पंख विंचरायला लागले. अण्णांनी सगळं अंगण फिरून घेतलं. भिंतीला हात लावला. नळ सोडून बघितला. काकू टाळ्या वाजवत होत्या. मी रडले. त्या रात्री चांगली झोपले.

आता पुढचं.

ते मुखवटा काढत नाहीत. जेवताना फक्त वर सरकवतात. झोपतानाही घालतात. मी एकदा झोपेत काढायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. अण्णांच्या हातात किती जोर आहे मी विसरले होते. अजून निळं आहे. हे तुला सांगणार नव्हते.

परवा संध्याकाळी कामावरून आले. दिवा लावलेला नव्हता. आत पाऊल टाकलं तर स्वयंपाकघरात दाराकडे तोंड करून ते बसले होते. हात गुडघ्यांवर. तो चेहरा. तू त्याला कोणासारखा केला नाहीस, पण संधिप्रकाशात तो कोणाचा तरी होतो. डोळ्यांच्या भोकांत काही दिसत नाही. मी म्हटलं, "अण्णा?" आतून आवाज आला, "कोण पाहिजे आपल्याला?"

मी म्हटलं, मी ठकू.

म्हणाले, "त्या कामावर गेल्यात. बसा. येतील."

मी बसले. दुसरं काय करणार? मी माझ्याच घरात पाहुण्यासारखी बसले, आणि ते माझ्याशी सभ्यपणे हवापाण्याचं बोलले, आणि आम्ही दोघं माझी वाट बघत बसलो.

हे मुखवट्यामुळे झालेलं नाही. आधीपासून आहे. मी लिहिलं नव्हतं. कधी मी ठकू असते, कधी नर्स, एकदा आई होते. तू पानंच्या पानं कावळ्यांच्या चेहऱ्यांवर लिहिलीस, कोण कोणाला ओळखतो त्यावर. अण्णांच्या चेहऱ्याबद्दल एक ओळ विचारली नाहीस. वाळवी म्हणे. वाळवी तुझ्या ड्रॉवरला नाही लागली, दादा.

आणि आता अंगण इतकं गप्प असतं की मला त्याचीच भीती वाटते. आधी अण्णा कुठे आहेत ते डोळे मिटून सांगता यायचं. काल मी भांडी घासत होते. वळून बघते तर ते मागच्या भिंतीशी उभे, गिरणीकडे बघत. केव्हा गेले, कळलंही नाही. आढ्यावर ते दोघे होते.

ठकू


६ मे

ठकू,

मुखवटा काढून घे. हे पत्र हातात पडल्याबरोबर. मनगट धरू देत, ओरडू देत, काकूंना बोलाव, पण काढ. चुलीत घाल.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना डोळ्यांसमोर चित्र आलं: अण्णा पायरीवर पाय ठेवतात, कावळे उठतात, अण्णा पाय आत घेतात. ठकू, कावळे त्यांना राखत होते. तू कडी घालत होतीस, पण दार खरं कावळ्यांनी धरलं होतं. ते उठले की तुला कळायचं, काकूंना कळायचं, सगळ्या गल्लीला कळायचं. मी त्यांचं तोंड बंद केलं. आता अण्णा कुठेही जाऊ शकतात आणि कोणी हाक मारणार नाही.

दुसरं. ते वाक्य विसर. मुलांना सांगायला बरं म्हणून केलेलं आहे. डोमकावळाही जिवंतावर ओरडतो, गावकावळाही मेलेलं खातो. दोन पक्षी शेजारी ठेवून बघायची मला सवय लागली आहे, आणि टेबलावर ठेवलेल्या पक्ष्यांचे फरक फार स्वच्छ दिसतात. त्यावर विसंबून काही ठरवू नकोस.

तिसरं. वाळवी तीन ड्रॉवरना लागली होती, ती कधीच मारून झाली. मी येत नव्हतो कारण मला माहीत होतं. मागच्या वेळी आलो होतो तेव्हा अण्णांनी मला स्टेशनचा रस्ता विचारला होता. तू आत चहा करत होतीस. मी त्यांना रस्ता सांगितला. मग आत येऊन चहा घेतला आणि तुला काही बोललो नाही. दुसऱ्या वेळी तेच ऐकायची माझी छाती नाही, असं इतके दिवस वाटत होतं.

उद्या निघतो. गाडीला दीड दिवस लागतो. हे पत्र माझ्या आधी पोहोचेल.

दादा


७ मे, दिवेलागणीला

दादा,

अण्णा घरात नाहीत.

दुपारी काकू सुईत दोरा ओवायला वाकल्या, त्या म्हणतात तेवढाच वेळ. पुढच्या दाराची कडी तशीच होती. मागचं दार उघडं. स्टूल मागच्या भिंतीला लावलेलं. मुखवटा घरात नाही, म्हणजे तोंडावर आहे.

संग्रहालयात फोन लावला, सुपरवायझरबाईंनी स्वतः जोडून दिला. वॉचमन म्हणाला, साहेब पिशवी घेऊन गेले, कुठे ते सांगितलं नाही. तू इकडे निघालास असं धरून चालते. गाडीत बसलेल्या माणसाला पत्र कुठे पाठवतात माहीत नाही. पण लिहितेय.

लाँड्रीतल्या सगळ्या बायका शोधायला उतरल्या आहेत. चौकीवरचा शिपाई आला. त्याने विचारलं, "दिसायला कसे आहेत?" मी तोंड उघडलं आणि काय सांगावं कळेना. खरा चेहरा सांगू की वरचा? दोन्ही सांगितले. त्याने दुसऱ्याचं वर्णन लिहून घेतलं आणि पेन थांबवून माझ्याकडे बघितलं.

बस थांबा, बाजार, दवाखाना, रेल्वेचे रूळ. रुळांवर मी स्वतः जाऊन आले.

थोड्या वेळाने.

खाणीकडून आवाज आला. दगडांची जुनी खाण आहे गिरणीच्या पलीकडे, तळाशी पाणी. आवाज खोल, घोगरा, घशात काहीतरी अडकल्यासारखा. तू लिहिलं होतंस तसाच. आधी एकाचा, मग दुसऱ्याचा. मी आयुष्यात इतकी कधी धावले नाही. शिपाई मागे, काकू त्याच्या मागे चपला हातात घेऊन. वाटेत मी गावकावळ्यांचा एक तरी आवाज येतोय का म्हणून कान देत होते. नाही. सगळे आपापल्या झाडावर परतत होते. ओरड कशासाठी करतील? त्यांच्या लेखी कोणी ओळखीचं बाहेर पडलेलंच नव्हतं.

खाणीच्या काठावर दोघे होते. मला बघून बाजूला सरकले, उडाले नाहीत. खाली काहीतरी पडलं होतं, तपकिरी रंगाचं. अण्णांचा कोट तपकिरी आहे.

कुत्रं होतं. शिपाई उतरून बघून आला. वर येऊन म्हणाला, "कुत्रं आहे हो, कुत्रं." मी तिथेच खाली बसले. काकू म्हणाल्या, "ऊठ, मेलं कुत्रं बघून एवढं बरं वाटलेली बाई मी पहिल्यांदा बघतेय." मग त्याही बसल्या.

उजेड गेला. शिपाई म्हणाला, आता सकाळी.

पहाटे.

झोपले नाही. मागची पायरी सोडली नाही. हाका मारून घसा बसला. एकदा वाटलं की कुठेतरी पत्रा वाजला, पण गिरणीचे पत्रे गार पडताना वाजतातच.

हवेत ओल आहे. माझी ओढणी दवाने भिजली. त्यांच्या अंगावर नुसता कोट आहे.

आता जरा दिसायला लागलंय. दादा, ते दोघे आलेत. आज नेहमीच्या जागी बसले नाहीत. आढ्यावरून पुढे सरकलेत, करवतीच्या दोन दातांच्या मधे. इकडे पाठ आहे. माना खाली घालून पन्हळीत बघतायत. गप्प आहेत.

तुंबली असणार, कोणी बघत नाही, असं ते रोज सांगत होते. रोज मी हो म्हणत होते.

मी उठतेय.


९ मे, सकाळ

दादा,

ही चिठ्ठी दाराला लावून कामावर चालले आहे. जास्त रजा मिळाली नाही. आधीची पत्रं टेबलावर आहेत, न पाठवलेलं तेवढं वाच. तुझं सहा तारखेचं कालच मिळालं, दुपारी, सगळं होऊन गेल्यावर.

काल काय झालं ते काकू तुला रंगवून सांगतील, म्हणून आधी माझ्याकडून ऐक. त्या दोघा काळ्यांना बघून मी अंगणात उभी राहिले आणि पुढे जाववेना. तुझं वाक्य डोक्यात होतं. शिडी समोर दिसत होती, गिरणीच्या भिंतीत ठोकलेली लोखंडी. मला वर जायचं नव्हतं. वर गेले नाही तोपर्यंत ते जिवंत होते.

मग ओरड झाली. एकाची, आणि पाठोपाठ सगळ्यांची. तारेवरचे, झाडावरचे, खाणीकडचे, सगळे राखाडी मानेचे गिरणीवर कोसळले. ते दोघे काळे उठून गेले. कोणाचं डोकं फोडायला इतके कावळे चालले आहेत आणि मी आनंदाने रडतेय, असं झालं. शिडी कशी चढले आठवत नाही. वर अण्णा पन्हळीत बसले होते. एक पाय पत्र्याच्या फटीत अडकून मुरगळलेला. दवाने मुखवटा भिजून लगदा झाला होता आणि त्यांनी तो ओल्या पावासारखा तोंडावरून काढून बाजूला ठेवला होता. हात डोक्यावर धरून कावळ्यांना शिव्या देत होते. मी पोचले तेव्हा मला म्हणाले, "बाई, खाली सांगा, एका माणसाचं काम नव्हतं हे."

मागे बघितलं तर पन्हळ या टोकापासून त्या टोकापर्यंत साफ होती. सगळा गाळ काठाने ढिगाढिगाने लावलेला.

घोट्याला प्लास्टर आहे. छातीत कफ आहे, डॉक्टर लक्ष ठेवायला सांगतात. हे हलकं नाही. औषध दुपारी जेवणानंतर.

दार ढकल, उघडंच आहे, काकू शेजारी आहेत. अण्णा विचारतील कोण. नाव सांग. थोड्या वेळाने परत विचारतील. परत सांग. स्टेशनचा रस्ता विचारला तर सांगू नकोस, खुर्ची ओढून बस.

आज सकाळी त्यांना मागच्या खिडकीशी बसवलं. कावळ्यांनी लगेच ओळखलं. अजून ओरडतायत. पडदा मी उघडा ठेवलाय. तू लावू नकोस.

ठकू